आऊसाहेबांचा कारभार : प्रस्तावना

जिजाबाईंवर मराठीत लेखन पुष्कळ झाले आहे, आणि त्यातले बहुतेक एकाच सूत्रावर उभे आहे: आईने मुलाला घडवले आणि मुलाने राज्य घडवले. हे सूत्र खोटे नाही. पण त्याच्या आधाराने लिहिलेले चरित्र शिवाजी महाराजांचे बालपण संपले की थांबते. पुढच्या पानांत जिजाबाई दिसतात त्या अधूनमधून, कधी आशीर्वाद देताना, कधी वाट पाहताना, आणि राज्याभिषेकानंतर डोळे मिटताना. कालगणना मात्र वेगळे सांगते. शिवराय बारा वर्षांचे असताना, 1642 च्या सुमारास, बेंगळुरूहून पुण्याला आले. जिजाबाईंनी देह ठेवला तो 17 जून 1674 रोजी, रायगडाच्या पायथ्याशी पाचाडला. मधली बत्तीस वर्षे हा त्यांच्या आयुष्याचा सर्वांत मोठा, सर्वांत जबाबदारीचा भाग आहे आणि चरित्रांमध्ये तोच सर्वांत रिकामा आहे. या बत्तीस वर्षांत त्या काय करत होत्या, या प्रश्नाचे माझे उत्तर असे: त्या कारभार करत होत्या. आधी नवऱ्याच्या गैरहजेरीत पुण्याच्या जहागिरीचा आणि नंतर मुलाच्या गैरहजेरीत राज्याचा. ही जबाबदारी आपत्तीने अचानक त्यांच्या अंगावर टाकलेली नव्हती. दख्खनच्या राजकारणात ती ओळखीची होती, आणि भोसले घराण्यात तिला आकार आला तो बेंगळुरू आणि पुणे या दोन ठाण्यांच्या विभागणीतून.

जिजाबाई सिंदखेडच्या जाधवरावांच्या कन्या. लखुजी जाधवराव हे निजामशाहीतले मातबर सरदार होते आणि त्यांचे घराणे आपला वंश देवगिरीच्या यादवांपर्यंत नेत असे. अशा घरात वाढणाऱ्या मुलीच्या भोवती फौजेचा खर्च, परगण्यांचा वसूल, दरबारातले मानापमान आणि पक्षांतरे ही रोजचीच बाब असणार. जिजाबाईंच्या बाबतीत ही पक्षांतरे घरात शिरली होती. 1624 मध्ये अहमदनगरजवळ भातवडीची लढाई झाली, तेव्हा शहाजीराजे मलिक अंबरच्या बाजूने लढत होते आणि लखुजी मोगलांकडे गेलेले होते. त्याच लढाईत शहाजीराजांचे बंधू शरीफजी मारले गेले. पुढे लखुजी निजामशाहीत परतले, आणि 1629 मध्ये दौलताबादच्या दरबारात त्यांचा मुलांसह आणि नातवासह खून झाला. त्यानंतर काही महिन्यांनी, 19 फेब्रुवारी 1630 रोजी, शिवनेरीवर शिवरायांचा जन्म झाला. पाठोपाठ दख्खनवर दुष्काळ कोसळला आणि आदिलशाही फौजेने पुणे जाळून बेचिराख केले. या घटनांचा जिजाबाईंच्या मनावर काय परिणाम झाला हे कादंबरीकारांनी आपापल्या परीने रंगवले आहे. चरित्रकाराला त्याहून ठाम एक गोष्ट म्हणता येते: सुलतानाच्या मर्जीवर उभी असलेली सरदारकी किती कच्ची असते, आणि मालक बेपत्ता असतानाही घर, माणसे आणि मुलूख कसा सांभाळावा लागतो, हे त्यांनी विशी-तिशीतच पाहिले होते.

पुढची तीन-चार वर्षे सहसा शहाजीराजांच्या चरित्रात येतात, जिजाबाईंच्या नाही. माझ्या मते ती इथेही हवीत. दौलताबाद मोगलांच्या हाती गेल्यावर शहाजीराजांनी 1633 मध्ये पेमगिरीवर निजामशाही वंशातल्या एका मुलाला गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने राज्य चालवले. 1636 मध्ये माहुलीला तो डाव संपला, शहाजहान आणि आदिलशहा यांच्यात तह झाला आणि शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत गेले. अज्ञान राजाच्या नावाने दुसऱ्याने राज्य चालवणे म्हणजे काय, शिक्का कोणाचा, हुकूम कोणाचा, जबाबदारी कोणाची, या गोष्टींचा अनुभव भोसल्यांच्या घरात असा आतून आलेला होता. आदिलशाहीत आल्यानंतर शहाजीराजे रणदुल्लाखानाबरोबर कर्नाटकाच्या मोहिमेवर गेले. 1638 च्या अखेरीस बेंगळुरू केंपेगौडाच्या वंशजांकडून घेतले गेले, ते वंशज मागडीकडे सरकले आणि बेंगळुरू शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. पुणे-सुप्याची जुनी जहागीर कायम होती. एका सरदाराची दोन ठाणी झाली, आणि त्यांच्यात आठशे किलोमीटरहून अधिक अंतर, वाटेत कृष्णा आणि तुंगभद्रा, आणि राजकीय हवाही निराळी.

बेंगळुरूला शहाजीराजांनी जो दरबार उभा केला त्याची साक्ष जयराम पिंड्ये यांच्या ‘राधामाधवविलासचंपू’त मिळते. अनेक भाषांतले कवी आणि पंडित तिथे येत होते. हा ग्रंथ वि. का. राजवाडे यांनी 1922 मध्ये छापला आणि त्याला जोडलेली दीर्घ प्रस्तावना शहाजीराजांच्या अभ्यासाचा पाया ठरली. याच बेंगळुरूत जिजाबाई आणि शिवराय 1640 च्या आसपास येऊन राहिले, आणि साधारण दोन वर्षांनी पुण्याला परतले. परतण्याचे वर्णन परमानंदांच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात आहे. शहाजीराजांनी मुलाबरोबर हत्ती, घोडे, पायदळ, खजिना, ध्वज, अमात्य आणि अध्यापक दिले, असे परमानंद सांगतात. सभासदाच्या बखरीत माणसांची नावे आहेत: पेशवे शामराव निळकंठ, मुजुमदार बाळकृष्णपंत हणमंते, डबीर सोनोपंत, सबनीस रघुनाथ बल्लाळ. ही यादी काळजीपूर्वक वाचली पाहिजे. पेशवा, मुजुमदार, डबीर आणि सबनीस मिळून एक पूर्ण सरकार होते. हिशेब, पत्रव्यवहार, परराष्ट्र आणि लष्कर यांची एकेक खुर्ची त्यात भरलेली आहे. बारा वर्षांचा मुलगा त्या खुर्च्यांच्या मधोमध नावापुरता बसू शकत होता. घराण्याच्या वतीने त्या खुर्च्यांकडून काम करून घेणारी, त्यांच्यातले मतभेद मिटवणारी आणि बेंगळुरूला जबाब देणारी वडीलधारी व्यक्ती पुण्यात एकच होती.

यावर पहिला आक्षेप जुना आणि वजनदार आहे. जदुनाथ सरकारांसारख्या इतिहासकाराने जिजाबाईंकडे नवऱ्याने दूर ठेवलेली स्त्री म्हणून पाहिले. धाकटी राणी तुकाबाई बेंगळुरूला, तिचा मुलगा व्यंकोजी तिथेच, आणि थोरली राणी दूर पुण्याला. यातून उपेक्षेची कथा तयार होते आणि ती ऐकायला खरी वाटते. तुकाबाईंचे स्थान मोठे होते, आणि बहुपत्नीक सरदारघरात मने दुखावत नसत असे कोणी म्हणणार नाही. तरीही उपेक्षेच्या कथेला अडचणीत आणणारे तीन पुरावे आहेत. जिजाबाईंचे थोरले चिरंजीव संभाजीराजे वडिलांजवळ बेंगळुरूलाच राहिले आणि त्यांच्या बरोबरीने मोहिमा चालवत राहिले. टाकून दिलेल्या राणीचा मुलगा बापाचा उजवा हात होत नाही. दुसरा पुरावा चंपूतला आहे. ज्या दरबारात तुकाबाई नांदत होत्या त्याच दरबाराशी बांधलेला जयराम कवी शहाजीराजांच्या स्तुतीत त्यांना शोभणारी पत्नी म्हणून नाव घेतो ते जिजाबाईंचे, आणि त्यांच्या कीर्तीला सर्वांवर सावली धरणारी म्हणतो. ज्या बाईला धन्याने मनातून उतरवले तिचे असे कौतुक दरबारी कवी धन्यासमोर करणार नाही. तिसरा पुरावा 1648-49 चा. शहाजीराजांना जिंजीजवळ कैद झाली तेव्हा त्यांच्या सुटकेसाठी पुण्याच्या बाजूने कोंढाणा आणि कर्नाटकाच्या बाजूने बेंगळुरू सोडून देण्याची मागणी आदिलशहाने केली. दोन ठाणी वेगळी असती, दोन घरे तुटलेली असती, तर एकाच्या सुटकेसाठी दुसऱ्याचा किल्ला मागण्यात अर्थ उरला नसता. विजापूरच्या दृष्टीनेही हे एकच घर होते. पती-पत्नींच्या मनातले अंतर मोजण्याचे साधन आपल्या हाती नाही. व्यवस्थेचा पुरावा मात्र आहे, आणि तो सांगतो की जिजाबाई पुण्याला होत्या त्या नेमून.

दुसरा आक्षेप दादोजी कोंडदेवांच्या नावाने घेतला जातो. पुण्याची घडी दादोजींनी बसवली, मग जिजाबाईंनी काय केले? दादोजींचे काम मोठे होते यात वाद नाही. उजाड परगण्यात रयत परत आणणे, जमिनी लागवडीखाली आणणे, वतनांचे तंटे ऐकणे ही कामे त्यांच्या नावाने कागदोपत्री आहेत. पण दादोजी शहाजीराजांचे कारभारी असतानाच कोंढाण्याचे आदिलशाही सुभेदारही होते. त्यांचा अधिकार दोन धन्यांकडून आलेला, आणि दोघेही दूर. कारभारी नेमलेला असतो आणि बदलता येतो. घराण्याच्या वतीने शेवटचा शब्द देणे हे काम वेगळे, आणि ते घरातल्या माणसानेच करायचे असते. मराठी सरदारघरांत धनी मुलुखगिरीवर असताना वाड्यावरची थोरली बाई हे काम करत असे. दादोजींचे निधन 1647 मध्ये झाले. शिवराय तेव्हा सतरा वर्षांचे होते आणि पुढच्या काळात ते सतत घोड्यावर होते: 1656 मध्ये जावळी, 1657 मध्ये जुन्नर, 1659 मध्ये प्रतापगड, मग पन्हाळा, सुरत आणि कर्नाटक. त्या काळच्या इनामांच्या आणि निवाड्यांच्या कागदांत आऊसाहेबांचे नाव येते, माणसे त्यांच्याकडे दाद मागायला येतात. दादोजी गेल्यावर जे काम थांबले नाही, ते दादोजींच्या हयातीतही केवळ एकट्या दादोजींचे नसणार.

पुढचा टप्पा पन्हाळ्याच्या वेढ्याचा. 1660 च्या मार्चपासून जुलैपर्यंत शिवराय सिद्दी जौहरच्या वेढ्यात पन्हाळ्यावर अडकले होते. त्याच काळात शाइस्ताखान पुण्यात उतरला आणि चाकणला वेढा घातला. राज्याचा धनी कोंडलेला, राजधानीचा मुलूख शत्रूच्या ताब्यात. ‘शिवभारत’ सांगते की राजगडावर जिजाबाईंनी मुलाला सोडवण्यासाठी स्वतः निघण्याची तयारी केली, आणि नेताजी पालकर परतून आल्यावर त्याला या कामावर पाठवले. हे काव्य आहे, आणि काव्यातले संवाद कोणी शब्दशः इतिहास मानू नये. पण परमानंद शिवरायांच्या आश्रयाने, त्यांच्या हयातीत लिहीत होते. त्यांच्या श्रोत्यांत त्या वेढ्यातून वाचलेली माणसे असणार. अशा कवीला सेनापतीला हुकूम देणाऱ्या राजमातेचे चित्र रंगवावेसे वाटले आणि ते त्या सभेत खपले, याचाच अर्थ मोठा आहे. जिजाबाई लष्करी निर्णय घेतात ही कल्पना त्या काळच्या जाणत्या लोकांना विचित्र वाटत नव्हती. ती विचित्र वाटू लागली ती पुढच्या शतकांत, जेव्हा आईपणाची एक मवाळ प्रतिमा तयार झाली.

चरित्राचा मध्यबिंदू मात्र 1666 आहे. त्याआधीच्या दोन वर्षांत बरेच घडून गेले होते. 23 जानेवारी 1664 रोजी शहाजीराजे कर्नाटकात, आजच्या दावणगेरे जिल्ह्यातल्या होदिगेरे येथे, शिकारीत घोड्यावरून पडून वारले. बखरी सांगतात की जिजाबाई सती जायला निघाल्या आणि शिवरायांनी त्यांना परावृत्त केले. 6 जानेवारी 1665 रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वावर महाबळेश्वरी त्यांची सुवर्णतुला झाली. त्याच वर्षी जूनमध्ये पुरंदरचा तह होऊन 23 किल्ले आणि 4 लाख होनांचा मुलूख मोगलांना द्यावा लागला. 12 किल्ले आणि 1 लाख होनांचा मुलूख उरला. 1666 च्या आरंभी सरनौबत नेताजी पालकर फुटून गेले. अशा कोंडीत मार्च 1666 मध्ये शिवराय आग्र्याला निघाले आणि त्यांनी आठ-नऊ वर्षांच्या मुलाला, संभाजीराजांनाही, बरोबर नेले. या शेवटच्या गोष्टीचे महत्त्व पुरेसे ओळखले गेलेले नाही. राजाही नाही आणि वारसही नाही. धाकटे पुत्र राजाराम यांचा जन्म व्हायचा होता. थोरले बंधू संभाजीराजे कनकगिरीला यापूर्वीच पडलेले, सावत्र भाऊ व्यंकोजी बेंगळुरूला आदिलशाहीच्या चाकरीत. मुलुखात मोरोपंत पेशव्यांसारखे कर्तबगार अधिकारी होते, पण अधिकाऱ्यांना अधिकार कोणाकडून येणार? आग्र्यात महाराज कैद झाल्याची बातमी आल्यावर किल्लेदाराने कोणाचा हुकूम मानायचा? या प्रश्नाचे उत्तर एकच नाव होते, आणि सभासदही राज्य मागे ठेवताना मातुश्रींचे नाव अधिकाऱ्यांच्या आधी घेतो.

त्या महिन्यांत काय घडले नाही, हेच या कारभाराचे मोठे प्रमाण आहे. राजा कैदेत असताना दख्खनमधली राज्ये कशी मोडतात याची उदाहरणे जिजाबाईंनी लहानपणापासून पाहिली होती: सरदार फुटतात, एखादा दूरचा नातलग गादीवर हक्क सांगतो, किल्लेदार स्वतःचा सौदा करतात. यातले काही झाले नाही. 17 ऑगस्टला शिवराय आग्र्याहून निसटले आणि परतले तेव्हा उरलेले राज्य जागच्या जागी होते. पुढची तीन वर्षे त्यांनी शांतपणे घडी बसवण्यात घालवली, आणि 1670 मध्ये सिंहगडापासून गेलेले किल्ले परत घेण्याची मोहीम सुरू झाली. आग्र्याच्या सुटकेचे श्रेय शिवरायांच्या बुद्धीला आहे. पण सुटून परत यायला जागा उरली होती, ती राखण्याचे श्रेय ज्यांचे आहे त्यांचे नाव त्या कथेत घेतले गेले पाहिजे.

आता तिसरा आक्षेप, जो इतिहासाच्या अभ्यासकांकडून येतो. जिजाबाईंना अभिषेक झाला नव्हता, राजप्रतिनिधी म्हणून कोणी त्यांना विधिवत नेमले नव्हते. मग त्यांना असे पद देणे म्हणजे आजची कल्पना कालच्या माणसावर लादणे नव्हे का? या आक्षेपाचे उत्तर आजूबाजूला पाहिले की मिळते. अहमदनगरची चांदबिबी विजापूरच्या पहिल्या अली आदिलशहाची राणी झाली. 1580 मध्ये तो मारला गेल्यावर नऊ वर्षांच्या इब्राहिमसाठी तिने राज्य सांभाळले, दरबारी गटांच्या भांडणात साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद भोगली, आणि पुढे 1595-96 मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांविरुद्ध लढवला. गोवळकोंड्यात 1626 पासून अब्दुल्ला कुतुबशहाच्या कोवळ्या वयात त्याची आई हयातबक्षी बेगम कारभार पाहत होती. तिची मुलगी विजापूरच्या मुहम्मद आदिलशहाची राणी, जिला लोक बडी साहेबा म्हणत. नवऱ्याच्या आजारपणात आणि त्याच्या मृत्यूनंतर आदिलशाहीची सूत्रे तिच्या हाती होती, आणि 1659 मध्ये अफजलखानाला शिवरायांवर धाडण्यात तिचा हात होता. प्रतापगडच्या प्रसंगाकडे या बाजूने पाहिले की चित्र बदलते: विजापुरात एक राजमाता राज्य चालवत होती आणि राजगडावर दुसरी. कर्नाटकात केळदीच्या चेन्नम्माने 1670 च्या दशकाच्या आरंभापासून पाव शतक राज्य केले आणि 1689 मध्ये औरंगजेबाचा रोष पत्करून राजाराम महाराजांना वाट दिली. धर्म, भाषा आणि वंश निरनिराळे असले तरी राजकारणाची रीत एकच होती.

ही रीत फक्त दख्खनची नव्हती. फ्रान्सचा राजा आठवा लुई 1226 मध्ये वारला तेव्हा त्याची राणी, कॅस्टीलची ब्लांश, हिने बारा वर्षांच्या नवव्या लुईच्या वतीने राज्य चालवले. लुई मोठा होऊन 1248 मध्ये धर्मयुद्धावर गेला तेव्हा त्याने राज्य पुन्हा आईच्याच हाती दिले. 1250 मध्ये तो इजिप्तमध्ये कैद झाला, आणि मुलगा शत्रूच्या ताब्यात असताना फ्रान्स एकसंध ठेवण्याचे काम ब्लांशने केले. दोन्ही प्रसंगांतले साम्य उघड आहे, आणि फरकही. ब्लांशला युरोपच्या इतिहासात राजप्रतिनिधी म्हणून निर्विवाद स्थान आहे. तिच्या धार्मिक वळणाचे आणि मातृत्वाचे कौतुक झाले, पण त्यामुळे तिचा कारभार झाकला गेला नाही. आपल्याकडे जिजाबाईंचा झाकला गेला. पद कामावरून ठरते. राजाच्या गैरहजेरीत ज्या व्यक्तीचा शब्द अधिकारी, किल्लेदार आणि रयत मानतात, ती व्यक्ती राज्य चालवत असते.

जिजाबाईंच्या पश्चात भोसले घराण्यात जे घडले, तेही याच निष्कर्षाकडे नेते. 1677 च्या दक्षिण दिग्विजयात शिवराय आणि व्यंकोजी यांच्यात वाटणीचा तंटा झाला. तो मिटताना बेंगळुरू आणि आसपासचा मुलूख व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांना चोळी-बांगडीसाठी दिला, असे ‘शिवदिग्विजय’ बखर सांगते. ही बखर बरीच नंतरची आहे आणि तिच्यातल्या तपशिलांवर डोळे मिटून विसंबता येत नाही. तरी तिने जपलेली आठवण बोलकी आहे: रुसलेल्या भावाघरचा समेट टिकवायचा तर भरवसा ठेवावा तो घरातल्या शहाण्या राणीवर आणि तिच्या हाती मुलुखाचे उत्पन्न असावे. 1687 मध्ये बेंगळुरू मोगलांनी घेतले आणि म्हैसूरच्या चिक्कदेवराज वोडेयरांना दिले, तेव्हा भोसल्यांचा इथला अंमल संपला. त्यानंतर दोन वर्षांनी, संभाजी महाराजांच्या वधानंतर, रायगडावर त्यांच्या राणी येसूबाईंनी स्वतःच्या मुलाचा हक्क बाजूला ठेवून राजारामांना पुढे केले आणि किल्ला लढवला. संभाजी महाराजांनी आपल्या हयातीतच त्यांना स्वतंत्र शिक्का देऊन कारभारात अधिकार दिला होता. 1700 मध्ये राजाराम वारले आणि त्यांच्या पंचविशीच्या राणी ताराबाईंनी चार वर्षांच्या मुलाच्या नावाने औरंगजेबाशी सात वर्षे झुंज दिली. मोगलांच्या बाजूचा इतिहासकार खाफीखान यानेही त्यांची कर्तबगारी मान्य केली. या स्त्रिया एकामागून एक उभ्या राहिल्या हा योगायोग मानता येत नाही. त्यांच्या घराण्यात बाईने राज्य सांभाळण्याचा पायंडा पडलेला होता, आणि तो जिजाबाईंनी पाडला होता.

शेवटचा आक्षेप भावनेचा आहे, आणि तो मी हलका मानत नाही. जिजाबाईंना कारभारी ठरवताना आपण त्यांचे मातृत्व लहान करतो का? पुण्यात सोन्याचा नांगर फिरवणाऱ्या जिजाबाई, शाहीर तुळशीदासाच्या पोवाड्यात सिंहगड मागणाऱ्या जिजाबाई, या प्रतिमा महाराष्ट्राने पिढ्यान्‌पिढ्या जपल्या आहेत. त्या उत्तरकालीन आहेत, समकालीन कागदांचा आधार त्यांना नाही, म्हणून या चरित्रात त्यांना पुरावा मानलेले नाही. पण त्यांच्यामागच्या लोकस्मृतीकडे नीट पाहावे. नांगर हा ओसाड परगणा वसवण्याचा हुकूम आहे. सिंहगडाची मागणी हा युद्धाचा निर्णय आहे. लोकांनी जिजाबाईंची आठवण ठेवली ती हुकूम देणारी बाई म्हणून. अंगाई गाणारी म्हणून त्यांना फार थोड्यांनी आठवले. म्हणजे शाहिरांनी जे जाणले होते ते पुढच्या चरित्रकारांनी सौम्य केले. आणि मातृत्वाचे म्हणाल, तर मुलाला गोष्टी सांगून घडवणे आणि मुलगा दूर असताना त्याचे राज्य त्याच्यासाठी राखून ठेवणे, यांतले दुसरे काम अधिक कठीण आहे. ते सांगितल्याने आई मोठीच होते.

हे चरित्र बेंगळुरूतून वाचकांच्या हाती जात आहे, यालाही अर्थ आहे. महाराष्ट्रात शहाजीराजांची बेंगळुरूतली वर्षे ही मूळ कथेतून बाहेर गेलेली वाट मानली जाते, आणि इथल्या शहराच्या इतिहासात भोसल्यांचे अर्धशतक केंपेगौडा आणि वोडेयर यांच्यामधल्या दोन-चार ओळींत आटोपते. मल्लेश्वरममध्ये काडू मल्लेश्वराच्या देवळाजवळ व्यंकोजींच्या 1669 च्या दानाचा शिलालेख आहे. रोज दर्शनाला येणाऱ्या कितीतरी मराठी आणि कन्नड कुटुंबांना तो ठाऊक नाही. पुण्याच्या जिजाबाई समजून घ्यायच्या तर बेंगळुरूचा दरबार, तिथून निघालेले अधिकारी आणि दोन ठाण्यांची विभागणी समजून घ्यावी लागते. दोन्ही प्रांतांच्या अभ्यासकांनी एकमेकांचे कागद वाचल्याशिवाय हे काम पुरे होणार नाही. वाचकाकडे माझे मागणे एवढेच आहे की जिजाबाईंचे नाव घेताना ‘शिवरायांच्या आई’ या ओळखीपाशी न थांबता पुढे जावे आणि विचारावे: त्या वर्षी राज्य कोण चालवत होते? 1642 पासून 1674 पर्यंत अनेक वर्षांसाठी या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर आऊसाहेब हेच आहे, आणि मराठी राज्याच्या इतिहासात राज्यकर्त्यांची यादी करताना त्यांचे नाव शहाजीराजे आणि शिवाजी महाराज यांच्या मध्ये स्वतंत्रपणे लिहिले पाहिजे.

बेंगळुरू